दुपारी बरी, सकाळी आजारी!

“दुपारी बरी टणाटण कामं होतात, सकाळीच काय होतं हिला?” हे वाक्य माझ्याच तोंडचं. माझ्या धाकट्या जावेबद्दल मी ते शेजारणीजवळ बोलले होते. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आमचं एकत्र कुटुंब. माझी नोकरी अर्धवेळ असली तरी शाळा सकाळची, त्यामुळे चहा, पोळ्या, मुलांचे डबे दोघींनी मिळून उरकायचे असा शिरस्ता. धाकटी चोविसाव्या वर्षी लग्न होऊन आली. वर्षभरात मुलगी झाली आणि त्यानंतर हिचं सकाळी उठणंच अवघड होऊन बसलं. कुशीवर वळून, पलंगाची कड धरून कशीबशी उठायची. ओट्याशी यायची ती लाकडासारखी ताठ. खालचा डबा काढायला वाकता येत नसे. पण गरम पाण्यानं आंघोळ झाली, घरात चार फेऱ्या झाल्या की दहाच्या सुमारास बाई मोकळी! मग धुणं, निवडणं, मुलीचं सगळं व्यवस्थित. सासूबाई म्हणायच्या, “बाळंतपणात शेक-शेगडी नीट झाली नाही.” मी मनात म्हणायची, “सकाळची कामं चुकवायचा बहाणा!”

पहाटे तीन-चारला दुखण्यानं जाग येऊन ती व्हरांड्यात फेऱ्या घालायची. आम्हाला वाटे, पोर जागवते.

अशी पाच वर्षं गेली. मलम झालं, पट्टा झाला, सक्तीची विश्रांती झाली. विश्रांतीनं दुखणं उलट वाढलं. एक्स-रे चांगला आला. संधिवाताची म्हणून रक्ताची एक तपासणी केली, तीही ‘निगेटिव्ह’. झालं! कागदावर काहीच नाही म्हटल्यावर माझा संशय पक्का झाला.

मग एक दिवस तिचा डोळा लालभडक झाला. ठणका एवढा की खिडकीतला उजेडही सोसेना. डोळे आले असतील म्हणून आम्ही दोन दिवस घालवले. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि विचारलं, “ताई, तुमची पाठ दुखते का? सकाळी जास्त?” धाकटी तिथंच रडायला लागली. पाच वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता.

त्यांनी पुण्याला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. एमआरआय झाला आणि दुखण्याला नाव मिळालं : अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस.

मैत्रिणींनो, मान दुखली, गळ्यात पट्टा आला की आपण सर्रास ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणतो, तो हा नव्हे. तो बहुधा वयानं होणाऱ्या झिजेचा, म्हणजे स्पॉन्डिलोसिस. हा आजार झिजेचा नाही, दाहाचा आहे. शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून आपल्याच सांध्यांवर उलटते. पाठीचा कणा खाली कमरेच्या हाडांना जिथं जोडला जातो, तिथं बहुधा सुरुवात होते. वर्षानुवर्षं दाह राहिला तर काहींच्या मणक्यांमध्ये नवं हाड तयार होऊन ते एकमेकांना जुळतात आणि पाठ कायमची ताठ होते.

तरुणपणीच, बहुधा पंचेचाळिशीच्या आत, हा सुरू होतो. पूर्वी हा पुरुषांचाच आजार समजत. बायकांमध्ये एक्स-रेवर फरक दिसायला अनेकदा जास्त वेळ लागतो, म्हणून निदानही लांबतं. सुरुवातीच्या वर्षांत एक्स-रे चांगला असू शकतो, एमआरआयमध्ये मात्र सूज दिसू शकते. ‘एचएलए-बी२७’ या रक्तातल्या खुणेचा या आजाराशी संबंध 1973 साली उजेडात आला. पण ही खूण असलेल्या बहुतेकांना आजार होत नाही आणि ती नसली तरी होऊ शकतो. नुसत्या रिपोर्टावर निकाल लावू नये.

घरात लक्ष ठेवायचं ते एवढंच :

• पाठ-कंबर तीन महिन्यांहून अधिक दुखते आहे का?
• सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ अंग आखडलेलं राहतं का?
• हालचालीनं बरं वाटतं आणि पडून राहिल्यानं वाढतं का?
• उत्तररात्री दुखण्यानं जाग येते का?
• कधी या, कधी त्या कुल्ल्यात खोलवर दुखतं का?
• टाच दुखणं, सोरायसिस, किंवा नात्यात कुणाला असा आजार आहे का?

यातलं बरंचसं जुळलं तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावं. डोळा लाल होऊन ठणकत असेल, उजेड सोसत नसेल, तर मात्र त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठावेत.

हा आजार मुळापासून जात नाही, पण चांगला आटोक्यात राहतो. आधी सूज उतरवणाऱ्या गोळ्या देतात. त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, तेव्हा मनानं दुकानातून आणू नयेत. त्या पुरल्या नाहीत तर ‘बायोलॉजिक’ इंजेक्शनं असतात. ती महाग आहेत. त्यांतल्या अडालिम्युमॅबचा भारतात तयार झालेला पर्याय 2014 मध्ये आला. ती सुरू करण्याआधी छुपा क्षयरोग नाही ना, हे तपासावंच लागतं. पुन्हा दिवस जाण्याचा विचार असेल तर औषधांबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावं.

औषधाइतकाच महत्त्वाचा रोजचा व्यायाम. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावा. गादी सपाट, खोलगट न होणारी, उशी पातळ. रोज थोडा वेळ पालथं झोपावं. बिडी-सिगारेट वर्ज्य. आणि हाडं बसवणाऱ्यांकडून पाठीला झटके मुळीच देऊ नयेत. ताठरलेल्या मणक्याला ते धोक्याचं आहे.

आमच्या घरी आता कामांची अदलाबदल झाली आहे. सकाळचे डबे मी आणि माझे यजमान करतो (हो, यजमानसुद्धा!). संध्याकाळचा सगळा स्वयंपाक धाकटीकडे. सकाळच्या वेळी ती व्यायाम करते आणि तिची मुलगी शेजारी सतरंजी टाकून तिची नक्कल करते. मी तिची माफी मागितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “वहिनी, मलासुद्धा वाटायला लागलं होतं, की मी खरंच आळशी आहे.”

तुमच्या घरात कुणी ‘दुपारी बरी, सकाळी आजारी’ असेल, सून असो, मुलगी असो, नाहीतर कॉलेजात जाणारा दीर, तर टोमणा मारण्याआधी जरा विचारा, “रात्री झोप लागते का गं तुला?”