बीपी पडण्याआधीची पाच मिनिटं

ऑपरेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सर्जन येतो. पण पेशंटच्या डोक्याशी आणखी एक डॉक्टर असतो, तो म्हणजे भूलतज्ज्ञ. एकदा भूल दिली की त्याचं काम संपलं, असं आपल्यापैकी बरेच जण समजतात. माझी मावशी ओटीत नर्स आहे. तिच्या मते त्याचं काम तिथून पुढेच सुरू होतं. पेशंट झोपलेला असतो, त्याला काही सांगता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी सतत जागं राहावं लागतं. त्या जागरणातली सगळ्यात नेहमीची काळजी म्हणजे बीपी पडणं. आता ते पडण्याआधीच इशारा देणारं सॉफ्टवेअर आलं आहे. ते काय करतं, आणि काय करू शकत नाही, ते या लेखात पाहू.

बीपी पडतं म्हणजे काय?

आपलं बीपी 120/80 असेल तर सरासरी 100 येईल असं वाटतं. ती साधारण 93 येते, कारण प्रत्येक ठोक्यात हृदय दाबण्यापेक्षा सैल होण्यात जास्त वेळ घालवतं. मेंदू, मूत्रपिंड आणि खुद्द हृदयाला रक्त पोचतं की नाही हे या सरासरीवरून कळतं. ऑपरेशनमध्ये ती 65 च्या खाली गेली की डॉक्टर सावध होतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकने 33,330 ऑपरेशनांच्या नोंदी तपासून 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी दाब 55 च्या खाली अगदी काही मिनिटं राहिला, तरी मूत्रपिंड आणि हृदयाला इजा होण्याचं प्रमाण वाढलेलं त्यात दिसलं.

दाब पडण्याची कारणं ढोबळमानाने तीन. रक्त किंवा पाणी कमी झालं. भुलीच्या औषधाने रक्तवाहिन्या सैल पडल्या. किंवा हृदयाचा जोर कमी झाला. उपायही तीन वेगवेगळे: सलाइन किंवा रक्त, वाहिन्या आवळणारं औषध, हृदयाला जोर देणारं औषध. यात अदलाबदल झाली तर अपाय होतो. थकलेल्या हृदयावर सलाइनच्या बाटल्या ओतून चालत नाही.

सॉफ्टवेअर काय बघतं?

दंडावरचा नेहमीचा पट्टा ठरावीक वेळाने फुगतो, साधारण दर तीन किंवा पाच मिनिटांनी. मधल्या वेळात काय झालं ते त्याला माहीत नसतं. मोठ्या ऑपरेशनला मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालतात. मग प्रत्येक ठोक्याची लाट पडद्यावर उमटते.

या लाटेत आकड्यापेक्षा जास्त माहिती असते. घरात चणचण असली तरी आई पाहुण्याचं ताट भरलेलंच ठेवते. डबे रिकामे होत असतात, पण पाहुण्याला ते कळत नाही. शरीरही तसंच वागतं. रक्त कमी पडू लागलं की वाहिन्या आवळल्या जातात, ठोके वाढतात आणि आकडा काही काळ सावरलेला राहतो. लाटेची चढण, उतार, मधली खाच यांत मात्र बारीक फरक पडू लागतात. म्हणजे ताट भरलेलं असताना डबे वाजवून बघायचे, तसं हे सॉफ्टवेअर करतं.

अमेरिकेतल्या एडवर्ड्स लाइफसायन्सेस या कंपनीने 1,334 पेशंटांच्या अशा लाटा संगणकाला शिकवून एक निर्देशांक तयार केला. 2018 मध्ये त्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. दर वीस सेकंदांनी तो 0 ते 100 मधला एक आकडा दाखवतो. 85 च्या वर गेला की इशारा वाजतो: थोड्याच मिनिटांत दाब पडण्याची शक्यता आहे.

मग प्रश्न सुटला का?

2020 मध्ये दोन निकाल आले. ॲमस्टरडॅममध्ये 60 पेशंटांवर झालेल्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीने पेशंटचा दाब मध्यकाने 32.7 मिनिटं खाली राहत होता. सॉफ्टवेअर वापरल्यावर तो वेळ 8 मिनिटांवर आला. क्लीव्हलंडमध्ये 214 पेशंटांवर हीच कल्पना तपासली, तर लक्षात घेण्यासारखा फरक पडलाच नाही. तिथे जवळपास निम्म्या इशाऱ्यांनंतर कुणी काही उपचारच केला नव्हता. कधी वेळ फार थोडा होता, कधी नेमकं काय करायचं याची पायरीवार यादी किचकट होती, कधी इशाऱ्याकडे दुर्लक्ष झालं असावं. ॲमस्टरडॅममध्ये मात्र इशारा आला की काय करायचं हे आधीच ठरलेलं होतं आणि तसं करायची आठवणही दिली जात होती.

2022 मध्ये डॅनिश संशोधकांनी आणखी एक प्रश्न विचारला. तो विद्यार्थ्यांना लगेच कळेल. समजा 35 ला पास आहे आणि कोण नापास होणार हे ओळखायचं आहे. तुलना करताना नापास झालेले घेतले, साठच्या वरचे घेतले आणि मधले काठावरचे सगळे वगळले, तर कुणाचाही अंदाज बरोबर येईल. या सॉफ्टवेअरच्या मूळ अभ्यासात असंच काहीसं झालं होतं. दाब 65 च्या खाली गेलेले क्षण आणि 75 च्या वर असलेले क्षण घेतले, मधले सोडले. त्यामुळे यश फुगून दिसलं असू शकतं. पुढच्या काही अभ्यासांत असंही दिसलं, की दाब 72-73 वर आला की साधा गजर लावला तरी बराचसा तोच इशारा मिळतो.

याचा अर्थ यंत्र निकामी आहे असा नाही. पण इशारा म्हणजे उपाय नव्हे. कारण ओळखून वेळेत हात चालवणारा माणूस समोर नसेल, तर इशारा नुसता आवाज ठरतो.

हैदराबादचा जुना धडा

एकाच खुणेवर फार विश्वास टाकला की काय होतं, याचं उदाहरण आपल्याजवळच घडलं आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्या काळी हैदराबादेत एडवर्ड लॉरी नावाचे सर्जन होते. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो आधी श्वास थांबून की हृदय थांबून, हा तेव्हा जगभर वादाचा विषय होता. निजामाच्या पैशाने 1888 आणि 1889 मध्ये दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी 'लॅन्सेट'मार्फत इंग्लंडहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, रक्तदाबाचे आलेखही काढले. रूपाबाई फरदूनजी त्या वेळी तिथेच वैद्यक शिकत होत्या. पुढे त्या जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक म्हणून ओळखल्या गेल्या. आयोगाचा निष्कर्ष होता: श्वास आधी थांबतो, म्हणून श्वासावर लक्ष ठेवा.

प्रयोग कष्टाने केलेले होते, तरी निष्कर्ष अपुरा ठरला. 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं, की हलक्या क्लोरोफॉर्ममध्येही हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू येऊ शकतो. आज ओटीत श्वास, ठोके, ऑक्सिजन, दाब हे सगळं एकत्र पाहतात, ते अशा वादांतून शिकूनच.

सूरतमधली बाई काय म्हणते?

लिंबायत, उधना, पांडेसरा भागातल्या मराठी घरांमध्ये ऑपरेशन म्हटलं की बहुतेकदा सिझर. त्यात सहसा कमरेत इंजेक्शन देतात आणि बाई जागी असते. या इंजेक्शनने खालच्या अंगाच्या वाहिन्या सैल होतात, वर पोटातलं बाळ मोठ्या शिरेवर दाब देतं, म्हणून बीपी झपाट्याने पडू शकतं. इथे सहसा मनगटात नळी नसते, दंडावर पट्टाच असतो. बोटावर लावायच्या पट्ट्याने चालणारी आवृत्तीही निघाली आहे, पण ती अजून सगळीकडची गोष्ट नाही. तरीही बीपी पडणं टाळण्याचे उपाय आहेत: सलाइन, कुशीखाली उशी देऊन थोडं डावीकडे वळवणं, आणि फिनाइलएफ्रिनसारखं औषध दाब पडायची वाट न बघता सुरू करणं.

आणि इथे आणखी एक मॉनिटर आहे, बाईचं बोलणं. पट्टा पुन्हा फुगायच्या आधीच ती म्हणते, "मळमळतंय", "जीव घाबरा होतोय", "डोळ्यांपुढे अंधारी येतेय". मळमळ ही बीपी पडत असल्याची अगदी सुरुवातीची खूण असू शकते. गुजराती डॉक्टरला 'गभरामण थाय छे' लगेच कळतं. 'जीव घाबरा होतोय' मात्र त्याला नुसती भीती वाटू शकते. भाषेच्या विद्यार्थ्यांनी हा फरक नीट ऐकायला हवा. सिव्हिल असो, स्मीमेर असो की गल्लीतलं नर्सिंग होम, आत जाणाऱ्या आपल्या बहिणीला किंवा वहिनीला एवढं सांगून ठेवा: काही वेगळं वाटलं तर संकोच करू नको, लगेच बोल, येईल त्या भाषेत बोल.

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ भेटायला येतात, तेव्हा घाई करू नका. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर पाकीट दाखवा आणि शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा. काही गोळ्या आदल्या दिवशी थांबवायच्या असतात, काही चालू ठेवायच्या असतात. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. आधी कधी भुलीचा त्रास झाला असेल तर तोही सांगा. सॉफ्टवेअरला पुढची पाच मिनिटं दिसू शकतात. आदल्या रात्री घेतलेली गोळी त्याला दिसत नाही, ती आपणच सांगावी लागते.