पीएसए वाढला म्हणजे कॅन्सर झाला?

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आणि मालवा मिलच्या आसपासच्या गल्ल्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतं : "काकांचा पीएसए वाढलाय, म्हणजे कॅन्सरच." हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. तेव्हा चाळिशीत असलेले कामगार आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत आणि लघवीसाठी रात्रीतून तीन-चारदा उठणं त्यांच्यातल्या अनेकांच्या अंगवळणी पडलं आहे. मुलगा सवलतीच्या पॅकेजमध्ये वडिलांचं रक्त तपासून घेतो. पीएसएचा आकडा ठळक छापून येतो आणि डॉक्टरांकडे जाण्याआधीच घरात रडारड सुरू होते. हे ऐकून आता खरंच संताप येतो, कारण त्या आकड्याचा असा अर्थ होतच नाही.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीतलं प्रथिन आहे. वीर्य पातळ करणं हे त्याचं काम. निरोगी पेशी ते बनवतात, कॅन्सरच्या पेशीही बनवतात. ग्रंथीत कसलाही बिघाड झाला की ते रक्तात जास्त झिरपतं. वयोमानाने ग्रंथी नुसती वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबून नळी घालावी लागली, तरी आकडा चढतो. संसर्गात तर तो चारच्या (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पट जाऊ शकतो आणि उपचारांनंतर काही आठवड्यांत उतरतो. अंगात ताप आहे एवढ्यावरून टायफॉइड ठरवावा, तसलाच हा निष्कर्ष. पीएसए वाढला म्हणून बायोप्सी केलेल्या पुरुषांपैकी साधारण चौघांत एकालाच कॅन्सर सापडतो, असं अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था सांगते.

याच गैरसमजाची दुसरी बाजू जास्त घातक आहे : आकडा चारच्या आत, म्हणजे चिंता मिटली. २००४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात पीएसए चार किंवा त्याहून कमी असलेल्या २,९५० पुरुषांची बायोप्सी झाली होती. त्यांतल्या सुमारे १५ टक्क्यांना कॅन्सर निघाला. शिवाय वाढलेल्या ग्रंथीसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेणाऱ्यांचा पीएसए काही महिन्यांत जवळजवळ निम्मा होतो. अशा माणसाचा तीन हा आकडा सहासारखा वाचावा लागतो. पॅकेजवाल्या लॅबला हे औषध चालू असल्याचं कोण सांगतं?

मग करायचं काय? संसर्ग असेल तर आधी तो बरा करायचा आणि पीएसए पुन्हा तपासायचा. डॉक्टर बोटाने ग्रंथी तपासतात, गरज वाटली तर एमआरआय करतात आणि मगच बायोप्सीचा निर्णय घेतात. आकडा शंभराच्या वर आणि पाठीची हाडं दुखताहेत, ही गोष्ट मात्र वेगळी. तिथे एक दिवसही दवडू नये.

पीएसए आणि पीएसएमए एकच, असंही लोक समजतात. पीएसएमए रक्तात मोजत बसायचा पदार्थ नाही. तो पेशीच्या पडद्यावर बसलेला रेणू आहे आणि प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींवर तो फार मोठ्या प्रमाणात असतो. त्याला जाऊन चिकटणाऱ्या औषधाला किरणोत्सर्गी गॅलियम-६८ जोडलं की पेट स्कॅनमध्ये आजार कुठे कुठे आहे ते दिसतं. पण चमकलं ते सगळं कॅन्सर नव्हे. लाळग्रंथी, मूत्रपिंडं, लहान आतडं निरोगी माणसातही चमकतात आणि बरगडीचं जुनं फ्रॅक्चरही थोडं उजळू शकतं.

त्याच रेणूवर किरणोत्सर्गी ल्युटेशियम-१७७ नेऊन सोडलं की त्याचाच उपचार होतो. हे ल्युटेशियम आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत बनतं. ते फक्त परदेशात मिळतं हा समज चुकीचा. मात्र "एका इंजेक्शनमध्ये कॅन्सर साफ" हेही खोटं. २०२१ च्या 'व्हिजन' चाचणीत, इतर उपचार करून झालेल्या ८३१ रुग्णांमध्ये, आयुष्याचा मध्यक ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर गेला. मोलाचे चार महिने, पण चारच. ज्यांच्या गाठी पीएसएमए स्कॅनमध्ये दिसतच नाहीत, त्यांना ते देण्यात अर्थ नाही.

बायोप्सीच्या सुईने कॅन्सर पसरतो? याला भक्कम पुरावा नाही. खरा धोका जंतुसंसर्गाचा आणि रक्तस्रावाचा, आणि त्याची काळजी आधीच घेतली जाते. त्रास नाही म्हणजे आजार नाही? सुरुवातीच्या कॅन्सरला बहुधा लक्षणंच नसतात. सापडला की लगेच ऑपरेशन? ब्रिटनच्या 'प्रोटेक्ट' चाचणीत ग्रंथीपुरता मर्यादित आजार असलेले १,६४३ पुरुष होते. ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसती देखरेख, काहीही केलं तरी पंधरा वर्षांत प्रोस्टेट कॅन्सरने दगावले ते तीन टक्क्यांच्या आसपास. हा पुरुषांचा आजार, लेकीबाळींचा काय संबंध? प्रोस्टेट कॅन्सरच्या काही रुग्णांत आढळणारा बीआरसीए-२ या जनुकातला दोष बापाकडून मुलीकडे जाऊ शकतो आणि तिला स्तनाच्या व बीजाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

वडिलांचा रिपोर्ट हातात असेल तर तो घेऊन मूत्रविकारतज्ज्ञांकडे जा. सोबत लघवीचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि पीएसएचे जुने आकडे असू द्या. तोवर घरात कुणीही कॅन्सर हा शब्द उच्चारू नका.