अशोकाची साल आणि विद्यार्थ्याचे दोन महिने

रक्तप्रदराच्या रुग्णेस अशोकारिष्ट दिले, पथ्य सांगितले, तरी उपशय आला नाही, की आपण निदान पुन्हा तपासतो, मात्रा वाढवितो, कल्प बदलतो. पोत्यातील साल खरोखर अशोकाची होती काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो. आम्हीही तो अनेक वर्षे विचारला नाही.

न ओळखलेले औषध विषासमान होय, असे चरकाचार्यांनी बजावले आहे. रस्त्याच्या कडेला सरळसोट वाढणारा, नागमोडी कडांच्या साध्या पानांचा वृक्ष लोक ‘अशोक’ म्हणूनच ओळखतात. वनस्पतिशास्त्रात तो पॉलिअल्थिया लाँगिफोलिया. औषधी अशोक म्हणजे सराका असोका. त्याची पाने संयुक्त व फुलांचे घोस नारिंगी-तांबडे असतात. हा वृक्ष आता दुर्मीळ होत चालला आहे, तर पहिला सर्वत्र विपुल आहे. साल वाळून पोत्यात आली की पान-फूल दिसत नाही, केवळ नावाचे साम्य उरते आणि भेसळीस वाव मिळतो.

ही ओळख पटविण्याचे काम बी.ए.एम.एस.चा विद्यार्थी निश्चित करू शकतो. सालीचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, राखेचे तसेच जलविद्राव्य व मद्यविद्राव्य अंशाचे प्रमाण काढून ते आयुर्वेदिक फार्माकोपियातील मर्यादांशी ताडणे, यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्पार्क’ ही योजना आरंभिली. तीत निवडलेल्या विद्यार्थ्यास दोन महिन्यांच्या संशोधनासाठी ५०,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. दोन महिन्यांत रुग्णांवरील मोठा अभ्यास होणे नाही. परंतु एका बाजारपेठेतील सालीचे नमुने तपासून होतात.

मात्र नमुने आपणच दिले पाहिजेत. औषधालयचालकांनी खरेदीची तारीख व पुरवठा नोंदवून मूठभर साल महाविद्यालयाकडे द्यावी, विद्यार्थ्यांनी दुकानांची नावे गुप्त ठेवावीत आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो दडवू नये. परवानाधारक निर्मात्यांस २००० सालच्या शेड्यूल टीनुसार कच्च्या मालाची तपासणी बंधनकारक आहेच. केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास त्या नियमांतून सूट आहे. म्हणूनच आपले उत्तरदायित्व अधिक आहे.

पुढील खरेदीच्या वेळी एक पुडी बाजूला काढून ठेवावी आणि जवळच्या महाविद्यालयातील द्रव्यगुण विभागाकडे पाठवावी, एवढीच आमची विनंती.