रंग गेला, मैल राहिला

कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या ईटीपीतली, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या विभागातली छोटी प्रयोगशाळा. टेबलावर ओळीने बीकर, सगळ्यांत तेच जांभळट लाल सांडपाणी. केमिस्टबाईंनी सल्फ्युरिक आम्लाने पीएच ३ वर आणला, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट विरघळवलं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं सोडलं. बुडबुडे आले, बीकर कोमट झाला आणि बघता बघता लाली उतरून पाणी पिवळट झालं.

केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये टार्टारिक आम्लावर हीच जोडी वापरली होती. पेरॉक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध कच्चा असतो. फेरस आयन त्याला एक इलेक्ट्रॉन देतो, तसा तो तुटतो. एका तुकड्याचा हायड्रॉक्साइड आयन होतो, दुसऱ्याचा हायड्रॉक्सिल रॅडिकल. या रॅडिकलमधला एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा असल्याने तो समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतो. रंगाच्या रेणूतला अझो बंध असाच फुटतो.

इलेक्ट्रॉन देऊन बसलेलं लोखंड आता फेरिक होतं. पेरॉक्साइडच त्याला पुन्हा फेरस करतं आणि त्यात हायड्रोपेरॉक्सिल रॅडिकल तयार होतो. पण ही परतीची पायरी फारच संथ. म्हणून सुरुवातीचा धडाका लवकर ओसरतो. पीएच ४ च्या वर गेला, तर फेरिक लोखंड गाळ होऊन बसतं. पेरॉक्साइड जास्त ओतूनही भागत नाही; जादा पेरॉक्साइड हायड्रॉक्सिल रॅडिकलनाच खाऊन टाकतं.

मी स्वच्छ दिसणाऱ्या बीकरकडे बोट दाखवलं, तर बाई म्हणाल्या, "सर, रंगावर जाऊ नका. सीओडी बघायचाय अजून."

त्यांचं बरोबर होतं. सीओडी म्हणजे पाण्यातला मैल रासायनिकरीत्या ऑक्सिडाइज करायला लागणारा ऑक्सिजन. अझो बंध तुटला की रंग जातो, पण रेणूचे तुकडे पाण्यातच राहतात. ऑक्झॅलिक आम्लासारखी आम्लं लोखंडाला धरून बसतात आणि सहजी संपत नाहीत. उरलेलं पेरॉक्साइडही चाचणीत सीओडी म्हणून मोजलं जातं; ते आधी नष्ट केलं नाही, तर आकडा फसवतो. शेवटी चुना घातला की तांबूस गाळ खाली बसतो आणि त्याची विल्हेवाट हे वेगळंच काम होऊन बसतं.

म्हणून कुणी रंगहीन पाण्याची बाटली दाखवून प्रक्रिया यशस्वी झाल्याचं सांगितलं, तर दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: सीओडी किती उतरला आणि गाळ कुठे गेला?