बॉयलरचा पंखा हादरू लागतो तेव्हा

गव्हाणीवर गाड्या खोळंबल्या की आपण विचारतो, "चरख का थांबला?" पुष्कळदा बिघाड चरखात नसतोच. बॉयलरच्या मागे, चिमणीच्या अलीकडे एक अवाढव्य पंखा असतो. भट्टीतला धूर ओढून चिमणीत सोडायचा, हे त्याचे काम. फिटर मंडळी त्याला आय. डी. फॅन म्हणतात. तो बसला की जाळ मंदावतो, वाफ उतरते आणि तोडलेला ऊस तळावर वाळत पडतो. काट्यावर जाण्याआधी वजन घटते ते तुमचे. उतारा घटतो तो सगळ्यांचा.

पंखा थरथरण्याचे नेहमीचे कारण म्हणजे तोल जाणे. चिपाडाची राख पात्यांवर थर धरते. थर सगळीकडे सारखा असला तर फारसे बिघडत नाही; पण एका बाजूची खपली निसटली की झालं! हिशेब बघा. मिनिटाला 960 फेरे घेणाऱ्या पंख्यात मध्यापासून एक मीटरवर नुसती एक किलो राख एकीकडे जास्त झाली, तर शाफ्टला सुमारे एक टनाची ओढ बसते, आणि ती फेऱ्याबरोबर गरगर फिरते. बेअरिंग किती दिवस सोसणार? वेग निम्मा केला तर हीच ओढ चौथाईवर येते. म्हणून जिथे वेग बदलण्याची सोय आहे, तिथे तो उतरवून थोडा वेळ निभावता येते.

राख धुऊन, खरवडून निघते. झिजलेले पाते मात्र भरून येत नाही. उसाच्या बुडख्याला चिकटून आलेली माती-वाळू भट्टीत जळत नाही. ती धुराबरोबर उडते आणि कानशीसारखी पाती घासते. पावसानंतरच्या तोडीत हे फार होते. बुडखा झाडून, मुळ्या-पाचट काढून मोळी बांधा, असे तोडणी मुकादमाला सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

पण प्रत्येक हादरा तोलाचाच असतो असे नाही. थरथर मोजण्याच्या यंत्रावर फेऱ्याला एकच झटका दिसला तर बहुधा तोल गेलेला असतो. फेऱ्याला दोन झटके आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेने धक्के असतील, तर मोटार व पंखा एका रेषेत नाहीत असा संशय घ्यावा. थंडपणी बरोबर लावलेली रेषा गरम धुराने तापल्यावर सरकते, हे पुष्कळदा ध्यानात राहत नाही. बेअरिंग आधी किरकिरते, मग तापते.

आमचे मत विचाराल तर वजने लावण्याची घाई करू नये. पहिल्यांदा पान्याने फौंडेशनचे बोल्ट बघावेत. बोल्ट ढिला असताना केलेले बॅलन्सिंग म्हणजे डुगडुगत्या पाटावर तराजू ठेवण्यासारखे! मग पाती साफ करावीत, चिरा बघाव्यात, आणि त्यानंतरच ठराविक वजन लावून पंखा फिरवून पाहावा. आत माणूस उतरण्याआधी मोटारीची वीज तोडून कुलूप घालावे आणि पंखा बांधून ठेवावा. वीज नसली तरी चिमणीच्या ओढीने तो आपोआप फिरू लागतो.