सांडलेल्या मासळीची नोंद

दातिवऱ्याच्या पुढे रस्ता जात नाही. पुढे वैतरणेच्या खाडीचे मुख, त्यापलीकडे अर्नाळा. आणि म्हणून आमच्याकडे येणारे प्रत्येक वाहन एक तर गावचे असते किंवा गावाच्या कामाचे, अशी जुनी समजूत आहे. 2018 सालच्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी ज्या टेंपोने आमच्या आळीतल्या एका सायकलस्वाराला मागून धडक दिली, तोही गावाच्याच कामाचा होता. होड्यांसाठी बोईसरकडून बर्फ घेऊन येत होता. 'सायकलस्वार' हा शब्द कागदपत्रांच्या सहवासाने माझ्या लेखणीला चिकटला आहे. एरवी तो माझा जुना विद्यार्थी, वय 42, धंदा सुक्या मासळीचा. पहाटे कॅरियरवर बोंबील-जवळ्याची पाटी बांधून सफाळ्याच्या पूर्वेस तांदुळवाडीच्या डोंगराखालच्या पाड्यांवर फिरायचे आणि उरलासुरला माल घेऊन दिवेलागणीला परतायचे, हा त्याचा वीस-बावीस वर्षांचा क्रम. त्या संध्याकाळी तो मोडला. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली आणि घोट्याचा चुरा झाला. रातोरात त्याला बोईसरच्या एका खासगी इस्पितळात हलवावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घटनास्थळाचा पंचनामा झाला, आणि दोन पंचांपैकी एक मी होतो. पंच होण्यासाठी लागणारी पात्रता एवढीच की आपण तेथे उभे असावे आणि आपल्याला सही करता यावी. हवालदार पोक्त, अक्षर वळणदार, बोलणे तुटक. मोठी अडचण अशी होती की रात्री कुणा सद्गृहस्थाने रस्त्यात पडलेली सायकल उचलून बाभळीला टेकवून ठेवली होती. हेतू चांगला, पण त्या चांगुलपणामुळे सायकल नेमकी कोठे पडली होती हे सांगणारा मुख्य साक्षीदारच जागचा हलला. टेंपो तर आधीच चौकीवर नेलेला. उरले काय, तर डांबरावरची एक अर्धवट काळी रेघ, थोडे वाळलेले रक्त आणि सांडलेले बोंबील. कावळ्या-कुत्र्यांनी रात्रीतून आपला वाटा नेला होता, तरी रस्त्याच्या डाव्या कडेच्या मातीत आणि गवतात ओंजळ-दोन ओंजळी माल विखुरलेला दिसत होता.

हवालदाराने टेपचे एक टोक माझ्या हाती दिले, दुसरे आपण धरले आणि डांबराच्या काठापासून मासळीपर्यंतचे अंतर मोजले. दोन फूट, बाहेरच्या बाजूस. मग त्याने लिहिले की डाव्या साइडपट्टीवर सुकी मासळी सांडलेली असून जवळच वेताची फुटलेली पाटी आहे. मला त्या गंभीर प्रसंगी ते वाक्य हास्यास्पद वाटले, आणि माझ्या शिक्षकी सवयीने मी म्हणालोही, "हे कशाला लिहिता? जखमेचे, सायकलीचे लिहा." त्याने मान वर न करता उत्तर दिले, "गुरुजी, दिसतं ते लिहायचं. काय कामाचं आणि काय बिनकामाचं ते आपण नाही ठरवायचं." पुढे त्याने आणखी एक गोष्ट लिहिली, जी मला अजिबात आवडली नाही: सायकल जुनी, काळ्या रंगाची, मागचे चाक पूर्ण वाकलेले, मागील मडगार्डवर लाल काच दिसून येत नाही. दिसून येत नव्हती हे खरेच होते. खाली मी सही केली.

या दोन वाक्यांभोवती पुढची पाच वर्षे फिरणार आहेत, याची तेव्हा आम्हां कुणालाच कल्पना नव्हती.

सायकलीची कायद्यापुढची अवस्था मोठी चमत्कारिक आहे. तिला नंबर नाही, विमा नाही, चालवणाऱ्याला परवाना लागत नाही. यांत्रिक शक्तीने चालत नसल्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ती बसतच नाही. पण ज्या क्षणी मोटार तिला धडकते, त्या क्षणी सायकलवाल्याला त्याच कायद्याचा दरवाजा उघडतो. पूर्वी दिवाणी कोर्टात रीतसर दावा लावल्यावाचून गत्यंतर नव्हते. 1939 च्या कायद्यात 1956 साली दुरुस्ती होऊन अपघात-दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली, 1982 साली दोष कुणाचा हे न पाहता काही किमान रक्कम देण्याची कलमे आली, आणि पुढे हे सारे 1988 च्या कायद्यात उतरले. दोष न पाहता मिळणाऱ्या या रकमेचे मोल आमच्या प्रकरणाच्या वेळी काय होते म्हणाल, तर कायमच्या अपंगत्वाला 25 हजार रुपये. 1 एप्रिल 2022 पासून गंभीर दुखापतीसाठी तो आकडा अडीच लाख झाला, आणि वाहन पळून गेले तर मिळणारी रक्कम साडेबारा हजारांवरून 50 हजार. मात्र त्याच दिवसापासून अर्जासाठी सहा महिन्यांची मुदतही परत आली, जी 1994 साली काढून टाकण्यात आली होती. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने घड्याळ दाखवले, असे कुणी म्हटले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. नेदरलँड्समध्ये मोटारीने सायकलवाल्याला धडक दिली की जबाबदारी मोटारवाल्याची असेच धरून चालतात, आणि सायकलवाला प्रौढ असून त्याची चूक निघाली तरी निदान निम्मी भरपाई सहसा सुटत नाही. आमच्याकडे मोठ्या रकमेसाठी मोटारवाल्याचा निष्काळजीपणा अर्जदारानेच शाबीत करायचा, आणि त्याची साधने म्हणजे पोलिसांचे कागद.

ते कागद गोळा करणे हा स्वतंत्र उद्योग आहे. फिर्यादीची नक्कल, पंचनाम्याची नक्कल, दुखापतीचा दाखला, आरटीओच्या तपासणीचा अहवाल, टेंपोची विमा पॉलिसी, चालकाचा परवाना, इस्पितळाची बिले, औषधांच्या पावत्या. बोईसरच्या दुकानातल्या पावत्यांवरची शाई सहा महिन्यांत उडून गेली. ज्यांच्या झेरॉक्स वेळीच काढल्या होत्या त्याच वाचता आल्या. आमचा पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यापासून वेगळा झाला असला, तरी आमचा अर्ज 2019 च्या फेब्रुवारीत ठाण्यालाच रुजू झाला. सफाळ्याहून लोकलने वसई, तेथून दिव्याची गाडी, दिव्याहून ठाणे; दिव्याची गाडी चुकली तर दादरचा वळसा. काखेत कुबड्या घेऊन हा प्रवास करणारा माझा विद्यार्थी आणि कागदांची पिशवी घेऊन मागे मी, असे आम्ही किती वेळा गेलो ते आठवत नाही. बहुतेक वेळा रोजनाम्यात एका ओळीची भर पडे आणि पुढची तारीख मिळे. टेंपोच्या मालकाची नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा होऊन दोनदा परत आली. मग कोरोना आला.

सामनेवाला क्रमांक दोन, म्हणजे विमा कंपनी, हिची कैफियत वाचण्यासारखी होती. अपघात झालाच नाही. झाला असल्यास टेंपोने झाला नाही. टेंपोने झाला असल्यास दोष सायकलवाल्याचा, कारण अंधारात मागे लाल काच नसलेली सायकल तो रस्त्याच्या मधून चालवत होता. शिवाय चालकाकडे हलक्या वाहनाचाच परवाना होता, मालवाहू वाहनाचा नव्हता. पायरीपायरीने मागे सरत लढण्याची ही जुनी रीत आहे आणि तीत वैयक्तिक आकस नसतो, हे आमच्या वकिलांनी समजावून सांगितले. परवान्याचा मुद्दा टिकणारा नव्हता. साडेसात हजार किलोंपर्यंतच्या मालवाहू वाहनाला हलक्या वाहनाचा परवाना चालतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय 2017 च्या जुलैत होऊन गेला होता (2024 च्या नोव्हेंबरात घटनापीठाने तो कायम केला). खरी लढाई लाल काचेची.

उलटतपासणी 2022 च्या पावसाळ्यात झाली. "सायकलला मागे लाल काच होती का?" या प्रश्नाला माझ्या विद्यार्थ्याने दिलेले उत्तर मी विसरणार नाही: "होती साहेब. खाऱ्या वाऱ्यानं पत्रा खाल्ला, ती पडली." समोरच्या वकिलांनी पेन उचलले, त्यांना हवे ते मिळाले होते. पुढे धंद्याकडे वळून त्यांनी विचारले की परवाना आहे काय, आयकर भरता काय, हिशेबाची वही आहे काय. वही होती. तिच्यात पाड्यांवरच्या गिऱ्हाइकांची उधारी होती, नावापुढे रुपये आणि काही ठिकाणी पायल्या. कारण भात झोडून झाल्यावर तांदळाने देणे फेडणारी गिऱ्हाइके त्यात पुष्कळ. "यात तुमची कमाई कुठे आहे?" "माझी नाय साहेब, लोकांची देणी आहेत." न्यायाधिकरणाच्या दृष्टीने ही वही म्हणजे शाबीत न झालेला खासगी कागद. तो धंदा करतो याला दुसरा लेखी पुरावा काय, असा प्रश्न युक्तिवादात निघाला, तेव्हा आमच्या वकिलांनी पंचनाम्याची निशाणी काढून हवालदाराचे ते वाक्य वाचले. डाव्या साइडपट्टीवर, डांबरापासून दोन फूट बाहेर, सुकी मासळी सांडलेली, फुटलेली पाटी. जो मनुष्य रस्त्याच्या मधून चालला होता त्याचा माल कडेच्या मातीत कसा सांडला. आणि जो मासळी विकत नव्हता त्याच्या सायकलीवर पाटी कशाला? एकाच ओळीने दोन मुद्द्यांवर साक्ष दिली. पंच म्हणून मला बोलावण्याची गरजही पडली नाही, आणि खरे सांगायचे तर मला ते थोडे लागले.

डॉक्टरांच्या साक्षीत मात्र खडाजंगी झाली. अपंगत्वाच्या दाखल्यावर 40 टक्के होते. ते एका पायाचे की सर्व शरीराचे यावर अर्धा तास गेला. 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' या 2010 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के एक नव्हेत. डावा हात गेल्याने सुताराचे सर्वस्व जाऊ शकते आणि सरकारी कारकुनाची नोकरी शाबूत राहू शकते. त्याच न्यायाने, सायकल मारता न येणारा फिरता विक्रेता काय गमावतो? निवाड्यात हा तोटा 30 टक्के धरला गेला. मला तो कमी वाटला, वकिलांना पुरेसा.

पुढचे गणित चौथीच्या मुलालाही यावे इतके सरळ आहे. पुराव्याअभावी महिना नऊ हजार ही कमाई अंदाजाने धरली. वर्षाचे 1 लाख 8 हजार. चाळिशी ते पन्नाशीतल्या स्वतःचा धंदा करणाऱ्याला, 2017 च्या 'प्रणय सेठी' निर्णयाप्रमाणे, भावी वाढीचे 25 टक्के. झाले 1 लाख 35 हजार. 2009 च्या 'सरला वर्मा' निर्णयातल्या कोष्टकात 41 ते 45 या वयाला गुणक 14. 18 लाख 90 हजार. त्याचे 30 टक्के म्हणजे 5 लाख 67 हजार. इस्पितळाची बिले, वेदना, परिचर्या आणि प्रवास यांची भर पडून आकडा साडेसात लाखांच्या आसपास गेला, वर अर्जाच्या तारखेपासून साडेसात टक्के व्याज. लाल काच नसल्याबद्दल काही वजा केले नाही. मध्यंतरी लोकअदालतीत कंपनीने तीन लाखांची तयारी दाखवली होती, आणि घरातल्या बहुतेकांचे मत ते घ्यावे असेच होते. तेथे तडजोड झाली की अपील नाही, पैसा लवकर हाती. सावकार दारात असताना हा मोह लहान नसतो. तो नको म्हणाला. का, ते त्याने तेव्हा सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

रक्कम न्यायाधिकरणात जमा झाली, निम्मी राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत अडकली, निम्मी हातात आली. त्यातून कर्ज फिटले आणि घराला लागून सुक्या मासळीचे एक खोपटेवजा दुकान उभे राहिले. पाड्यांवरची गिऱ्हाइके इतक्या लांब येत नाहीत.

सायकल त्या दुकानाच्या मागे आहे. मुद्देमाल म्हणून ती चौकीत होती. सुपूर्तनाम्यावर परत देताना 'मागणी होताच जशीच्या तशी हजर करीन' असे त्याच्याकडून लिहून घेतले होते. फौजदारी खटला चालकाने गुन्हा कबूल करून दंड भरल्यावर केव्हाच संपला. मध्यंतरी मुलाने मागचे चाक बदलून सायकल चालती करायचे काढले, तेव्हा बापाने हात लावू दिला नाही. मी त्याला म्हणालो, आता ती कुणी मागणार नाही, सगळे निकाल लागले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "गुरुजी, तसं लिवलंय का कुठं?"

मी घरी येऊन पिशवीतले सगळे कागद पुन्हा चाळले. तसे कुठे लिहिलेले नव्हते.