तिथीची पाऊणपट

भरती कितीला आहे हे कळायला रत्नागिरीच्या आमच्या मामांना घड्याळ लागत नसे. भिंतीवरचं पंचांग पुरे. तिथीची पाऊणपट करायची. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणून दीडला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो आणि समुद्र त्याच्यामागून जातो, एवढंच त्यातलं शास्त्र. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. सरकारी तक्त्याशी पडताळून पाहिलं तर थोडा फरक पडतो, पण खाडीत होडी घालणाऱ्या माणसाचं त्यावर भागतं.

गेल्या माघात, शुद्ध द्वितीयेला, मी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचसाठी उभा होतो ते याच हिशेबाने. रेवसच्या बंदरात गाळ फार, ओहोटीला लाँच लागत नाही. दीडची भरती गाठायची तर साडेअकराची लाँच बरी.

मनात साठ वर्षांपूर्वीची वाट होती. १९६४ ते १९७० या काळात मी रत्नागिरीला मामांकडे राहून शाळा शिकलो. वडील मुंबईत गिरणीत, बिऱ्हाड लालबागला. दिवाळीची सुट्टी मुंबईत काढायची आणि मग याच धक्क्यावरून बोटीने रत्नागिरीला परतायचं. बोटीत मी एकटा चढे. संध्याकाळी हर्णैला एक वर्गमित्र चढे, रात्री दाभोळला दुसरा, आणि अर्धवट झोपेत असताना जयगडला तिसरा येऊन अंगावरची चादर ओढे. पहाटे रत्नागिरीला आम्ही चौघे मिळून उतरत असू. तीच बंदरं, त्याच क्रमाने, एकेका मित्राकडे मुक्काम करत जायचं मी ठरवलं होतं. बोट आता नाही. जिथे पाण्यावरून जाता येईल तिथे पाण्यावरून, उरलेलं एसटीने.

भाऊचा धक्का ज्यांच्या नावाचा ते लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजेच भाऊ अजिंक्य, यांनी एकोणिसाव्या शतकात समुद्रात भर घालून तो बांधला. तोवर प्रवाशांना चिखल तुडवत होडीपर्यंत जावं लागे. कोकणातल्या कितीतरी घराण्यांच्या मुंबईतल्या पहिल्या पावलाखाली या धक्क्याचाच दगड आहे. गिरणीत लागलेला पोरगा, बाळंतपणाला निघालेली सून, शिमग्याला सुटलेला चाकरमानी, सगळे इथूनच. आगबोटींचा धंदा आधी इंग्रज कंपन्यांच्या हाती होता. त्यांतली मोठी बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन पुढे वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीकडे गेली. स्वदेशीच्या भरात भारतीयांनीही सहकारी तत्त्वावर कंपनी काढली. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. बोटींना नावं दिली ती संतांची: तुकाराम, रामदास, सेंट अँथनी. डेकवर पथारी पसरणाऱ्या माणसाला बोट आपली वाटावी म्हणून ही नावं. ‘माझी’ हा एक शब्द मला त्या काळाच्या कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा मोठा वाटतो.

त्यांतल्या दोन नावांवर काळाने घाव घातला. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी वादळात बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येला, १९३६ साली बांधलेली ‘रामदास’ सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सातशेहून अधिक माणसं होती. काश्याच्या खडकाजवळ वारा-पावसाने गाठलं, लाटा डेकवर आल्या, माणसं एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. काही मैलांच्या अंतरावरल्या मुंबईला संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता. जे वाचले त्यांतल्या पुष्कळांना रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आलं होतं. गिरगाव, परळ, अलिबागकडच्या कित्येक घरांत ते सुतकात उजाडलं.

आमची लाँच त्याच पाण्यातून गेली. माघाचा समुद्र तेलासारखा शांत होता. शेजारच्या बाईने टोपलीतून फुलं काढून पाण्यात सोडली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

रेवस, अलिबाग, मुरूड, मग आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेश्वी अशा दोन फेरीबोटी. रायगडचा हा पट्टा मी एका दिवसात ओलांडला. बाणकोटच्या खाडीत सावित्रीवरच्या नियोजित पुलाचे खांब अर्धवट उभे दिसतात, तेवढी नोंद करतो. हर्णैला पोचलो तेव्हा रात्र झाली होती.

हर्णैच्या बंदरात बोट कधी धक्क्याला लागली नाही. ती सुवर्णदुर्गाच्या बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी आणि भोंगा देई. मग किनाऱ्यावरून पडाव निघत. पडाव बोटीला घासून उभा राहिला की तो लाटेबरोबर पुरुषभर वर यायचा नि तितकाच खाली जायचा. उतरणाऱ्याने पडाव वर आला त्या क्षणी पाय टाकायचा, अर्धा क्षण आधी नाही, नंतर नाही. खालचा खलाशी ‘हां!’ म्हणाला की सोडायचं. म्हाताऱ्यांना दोन्ही दंडांना धरून घेत. तान्ही मुलं वरच्या हातांतून खालच्या हातांत जात, आई वरून बघत राही आणि मग स्वतः उतरे. माझ्या मित्राचे वडील पडावावर होते. इतक्या वर्षांत एक मूल हातातून सुटलं नाही, असं तो दुसऱ्या दिवशी वाळूत उभा राहून सांगत होता. सांगताना त्याचे हात आपोआप पुढे झाले, तळवे वर.

हर्णैच्या घरी दोन रात्री राहिलो. वहिनींनी तिसऱ्या दिवशी सकाळी दोन पुरचुंड्या हातात दिल्या. जुन्या धोतराचं कापड, भोवती सुईदोऱ्याने शिवलेलं, आत सुकट आणि कुळथाचं पीठ. एकीवर शाईने लिहिलं होतं, ‘दाभोळ बंदर’. दुसरीवर, ‘जयगड बंदर’. नाव नाही, पत्ता नाही. पूर्वी बोटीवर ओळखीचा माणूस भेटला की अशीच पुरचुंडी त्याच्या हाती जायची आणि बरोबर घरात पोचायची. मी मित्राला विचारलं, “या दोघांना शेवटचा कधी भेटलास?” तो म्हणाला, “दाभोळवाल्याला एकदा मुंबईत, लग्नात. जयगडवाल्याला… बोट बंद झाली तेव्हापासून नाही रे.”

हर्णैपासून दाभोळ वीस-पंचवीस किलोमीटर. मी चकित झालो, पण दाभोळला पोचेपर्यंत त्याचं कारण लक्षात येऊ लागलं.

नकाशा उघडून मुंबई-गोवा महामार्ग बोटाने धरत खाली यावं. तो सावित्री ओलांडतो महाडला, वाशिष्ठी चिपळूणला, शास्त्री संगमेश्वरला. म्हणजे प्रत्येक खाडी जिथे अरुंद होते तिथे, समुद्रापासून कितीतरी आत. २६ जानेवारी १९९८ला पुरी झालेली कोकण रेल्वेही अशीच आतून जाते. पूल बांधायला ते सोयीचं होतं, त्यात चूक काहीच नाही. पण बाणकोट, दाभोळ, जयगड ही बंदरं खाड्यांच्या मुखाशी आहेत. बोटीच्या काळात ती दारं होती. रस्त्याच्या काळात ती वाटेची शेवटची टोकं झाली. प्रत्येक टोक मुंबईला जोडलं गेलं आणि शेजारच्या टोकापासून तुटलं. दाभोळहून समोरच्या धोपाव्याला जायचं तर चिपळूणवरून शंभरेक किलोमीटरचा वळसा पडू लागला. समोरच्या घरातला दिवा मात्र रात्री स्पष्ट दिसे. आपण म्हणतो, रेल्वेने कोकण जोडलं. ते खरं आहे. पण कोकणचा किनारा किनाऱ्याशी जोडणारी एकच गोष्ट होती, आणि ती होती बोट. ती गेल्याचा जमाखर्च कुणी मांडला नाही.

बोट एकाएकी बंद पडली नाही. पावसाचे महिने तर ती आधीपासूनच उभी असे. खाड्यांची तोंडं गाळाने भरत गेली, रस्ते झाले, एसटी गावात पोचली, तशी मधली बंदरं एकेक करून गळाली. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही शेवटच्या पर्वातली नावं पणजीच्या वाटेवरची. पुढे नव्वदीच्या दशकात कॅटामरान आली, २०१८ साली ‘आंग्रिया’ हे पर्यटकांचं जहाज आलं. दोन्ही फार टिकली नाहीत. हर्णैच्या बाईला त्यांचा उपयोगही नव्हता.

दाभोळचा मित्र जेटीवर उभाच होता. घराण्यात चार पिढ्या दर्यावर्दी. हा स्वतः तेहतीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढून आलेला. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर, इथून हजची जहाजं सुटत. १५०८च्या डिसेंबरात पोर्तुगीज आल्मेईदाने ते जाळलं, तरी पुन्हा उभं राहिलं. सतराव्या शतकातली शाही मशीद आजही धक्क्याजवळ आहे. तिच्या पायरीवर बसून त्याने पुरचुंडी उसवली, सुकट नाकाशी नेली आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “माझी थोरली बहीण जयगडला दिली होती, ठाऊक आहे ना तुला? बोट होती तेव्हा अम्मी महिन्याला जायची. रात्री बोटीत बसली की झोप लागायच्या आत जयगड. नंतर वर्षाला एकदा. मग आजारी पडली तेव्हा बहिणीला यायला दीड दिवस लागला.”

पुढचं त्याने सांगितलं नाही.

२००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. सुवर्णदुर्ग शिपिंगची ही सेवा. पुढे वेश्वी-बागमांडला, तवसाळ-जयगड अशा खाड्यांतही ती आली. इकडे तिला जंगलजेटी म्हणतात. सपाट बोट, पुढचं दार खाली पडलं की त्यावरूनच एसटी, रिक्षा, आंब्याचा टेंपो, सायकलवरचा पोरगा सगळं आत. पलीकडे पोचायला दहा-पंधरा मिनिटं. मुंबई-मांडवा रो-रो २०२०मध्ये आली तेव्हा वर्तमानपत्रांनी रकाने भरले. दाभोळची जंगलजेटी त्याच्या सतरा वर्षं आधीपासून तेच काम करत होती, आणि माझ्या मते किनाऱ्याच्या इतिहासात तिची जागा मोठी आहे. शाळेतल्या दोन मुली रोज तिने पलीकडे जातात, हे मी पाहिलं.

पंचमीला सकाळी मी निघालो तेव्हा मित्रही पिशवी घेऊन तयार होता. “मी येतो,” म्हणाला. भाभींनी फक्त त्याचं स्वेटर आणून दिलं. धोपावे, गुहागर, हेदवी, तवसाळ. दुसऱ्या जंगलजेटीवर तो कठड्याशी उभा राहिला आणि समोर जयगडचा किल्ला मोठा होत गेला. शास्त्रीची खाडी इथे रुंद आहे. पाणी चढत होतं. पाचाची पाऊणपट पावणेचार, मी मनात म्हटलं.

जयगडच्या मित्राचं खारव्याचं घर, पोरांची मच्छीमारीची होडी. दोघे एकमेकांसमोर उभे राहिले, तेव्हा आधी कुणालाच पुरेसं ओळखू येईना. मग यजमानाने पुढे होऊन दाभोळवाल्याच्या अंगावरचं स्वेटर ओढलं, बोटीत चादर ओढायचा तसं. रात्री जेवणाला वहिनींनी बांगड्याचं तिखलं केलं. कुणी फारसं जुनं काढलं नाही. बहिणीच्या घरी मात्र आम्ही जेवणाआधीच जाऊन आलो होतो.

होडी बर्फासाठी रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला जायची होती. भरती पहाटे चारच्या सुमाराला. ओहोटी लागली की तिच्याबरोबर खाडीबाहेर पडायचं. तांडेल मित्राचा मोठा मुलगा. सव्वाचारला इंजिन सुरू झालं. चांद कधीच मावळला होता. जमिनीवरून मतलई सुटली होती, थंड, तिच्यात शेणाचा आणि आंब्याच्या मोहोराचा वास. शिडाची गलबतं याच वाऱ्यावर पहाटे बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. जयगडचं दीपगृह पाठीमागे फिरत राहिलं. जीपीएसचा पडदा समोर होता, तरी तांडेल अधूनमधून मान वळवून त्या दिव्याकडे बघत होता.

मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे ही गावं अंधारात दिव्यांच्या ओळी होऊन सरकली. लहानपणी इथे मला हमखास बोट लागायची. लिंबू हुंगत बसायचो. या वेळी काही झालं नाही. दाभोळवाला वाकून पाण्यात हात घालून बसला होता. काळबादेवीच्या पुढे उजाडू लागलं, मिऱ्याचा डोंगर आला, मग रत्नदुर्ग. आमची बोट जिथे नांगर टाकायची तो पाण्याचा तुकडा दोघा मित्रांपैकी कुणीतरी दाखवेल म्हणून मी थांबलो. दोघांनी एकाच वेळी हात केला, एकाच जागेकडे.

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर सात वाजता बर्फाच्या लाद्या फुटत होत्या. जयगडवाल्याने हर्णैला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आधी दोन्हीकडून नुसता गलका. मग हर्णैचा आवाज आला.

“तिथेच थांबा. आज एसटीने निघतो, रात्रीपर्यंत पोचतो. उद्या होडीतून जयगडला मीही येणार. भरती कितीला आहे उद्या?”

तिघांच्याही नजरा माझ्याकडे वळल्या.

“उद्या सप्तमी,” मी म्हटलं. “सव्वापाच.”